रावसाहेबांचा विडा

कट्ट.

आबांच्या हातातल्या अडकित्त्यात सुपारी फुटली आणि सोप्यातली शांतता मोडली. डॉक्टरांचं म्हणणं मी नुकतंच सांगून संपवलं होतं. आबांना आणि हिंदुराव वस्तादांना मराठीत, राइविसला इंग्रजीत. राइविस आरामखुर्चीत बसला होता, सुजलेला उजवा पाय स्टुलावर, गुडघ्यावर बर्फाची पिशवी.

"म्हणजे अर्धाच तुटलाय म्हण की," आबा म्हणाले.

"आबा, आतला लिगामेंट अर्धा तुटलाय. आता खेळला तर उरलेला जाईल. मग खेळणं सोडाच, नीट चालताही येणार नाही, असं म्हणालेत."

"अर्धा तुटलाय म्हंजे अर्धा शाबूत हाय की! काय वस्ताद?"

वस्तादांनी मान खाली घातली. उभी हयात त्यांनी पैलवानांचे खांदे आणि गुडघे बसवले होते. "आबासाहेब, मालिशनं सूज उतरंल. तुटल्यालं जुळत नसतंय."

"उतरवा मग सूज. फायनल परवा हाय."

राइविसनं माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणतायत?"

"तुला खेळवायचं म्हणतायत."

"त्यांना सांग, नाही," तो म्हणाला. आवाज चढवला नाही, चेहरा बदलला नाही. त्याच्या देशात माणसं नाही म्हणतात तेव्हा तेवढंच म्हणतात, हे मला एव्हाना कळलं होतं. आबांना ते कधीच कळलं नाही. आबांच्या हिशेबी नाही म्हणजे अजून हो म्हणायला वेळ आहे.

आमच्या कोल्हापुरात फुटबॉल तालमींचा. आत कुस्तीची तांबडी माती, कोपऱ्यात मारुती, आणि बाहेर त्याच तालमीच्या नावाचा फुटबॉल संघ. पेठेतली माणसं लग्नाची तारीखसुद्धा सामने बघून धरतात. माझे वडील, आबा सरनोबत, रणभैरव तालमीचे कारभारी. वरच्या गल्लीच्या तालमीनं दोन हंगाम आमचा पाडाव केला, म्हणून आबांनी गोव्याच्या एका एजंटाकडून हा परदेशी स्ट्रायकर आणला आणि आमच्याच घरच्या माडीवर ठेवला. लात्वियाचा, राइविस. पेठेची जीभ त्या नावावर वळेना. आठवड्याभरात त्याचा रावसाहेब झाला. सहा फूट उंच, पांढऱ्या भुवया, उन्हानं सोललेलं नाक, आणि आईच्या हातचा तांबडा रस्सा ओरपताना डोळ्यांतून पाणी. "रावसाहेब, झेपतंय न्हवं?" गल्लीतली पोरं विचारायची. तो म्हणायचा, "झेपतंय." आमच्या भाषेतला त्याचा पहिला शब्द तो.

घरात इंग्रजी बोलणारी मी एकटी. म्हणून त्याच्या बुटांच्या मापापासून त्याच्या पोटदुखीपर्यंत सगळं माझ्यातून जायचं.

त्याची कारकीर्द मला त्याच्याकडूनच कळली, तीही हसत हसत. समुद्राकाठच्या लिएपाया नावाच्या गावात जन्म. सतराव्या वर्षी गावच्या संघाची जर्सी. एकदा देशाच्या संघात निवड. अख्खा दुसरा हाफ रेषेबाहेर पळून अंग गरम करत राहिला आणि त्याला आत बोलावलंच नाही. मग लिथुआनिया, मग माल्टा, मग सायप्रस, मग गोवा. "प्रत्येक वेळी नकाशावर थोडा खाली," तो म्हणायचा. "गोव्यानंतर समुद्रच, म्हणून थोडा वर आलो." पण त्या वर्षी गावच्या संघानं त्याला परत बोलावलं होतं. एक शेवटचा हंगाम. त्याची मुलगी, मादारा, आठ वर्षांची. बापाला खेळताना तिनं फक्त फोनवर पाहिलं होतं. उन्हाळ्यात ती मैदानाच्या कठड्याला टेकून उभी राहणार आणि तो तिच्यासमोर गोल करणार, एवढंच त्याला आयुष्याकडून हवं होतं. ते त्या गुडघ्यावर उभं होतं.

आणि मी? मीही खेळायचे. डाव्या पायानं. तालमीला मुलींचा संघ नव्हता, असायचं कारणही नव्हतं. मी कॉलेजच्या संघातून खेळायचे आणि आबा ते लहान पोरीच्या भातुकलीसारखं सोसायचे. रोज सकाळी, मुलांचा सराव संपला की राइविस मला अर्धा तास द्यायचा. माझ्याकडून बारा वेळा, पंधरा वेळा तेच ते करून घ्यायचा, आणि चुकलं की ओरडायचा नाही, नुसता चेंडू परत आणून ठेवायचा.

"गोलकीपरकडे बघू नकोस," तो म्हणायचा. "गोलकीपर जी जागा आत्ता सोडतोय, तिच्याकडे बघ. चेंडू तिथं."

त्या महिन्यात कॉलेजच्या सरांनी निरोप दिला होता. वीस वर्षांखालच्या मुलींच्या राष्ट्रीय शिबिराला माझं नाव लागलं होतं. शिबिर गोव्यात. मी घरी सांगितलं तेव्हा आबांनी पान लावता लावता विचारलं, "आणि महिनाभर तिथं तुझ्या पाठीशी कोण असणार, संयू?"

"दोन मॅडम आहेत सोबत. सगळ्या मुलीच आहेत."

"मग नकोच. नुसत्या पोरी म्हटल्यावर राखायचं कुणी?"

विषय संपला. मी माडीवर जाऊन रडले नाही. राइविसला सांगितलं फक्त. तो बराच वेळ बुटाची नाडी सोडत आणि बांधत राहिला.

फायनलच्या आदल्या संध्याकाळी आमच्या तालमीत विडा मांडतात. मारुतीसमोर तबक, तबकात एकच विडा, वर लवंग टोचलेली. खेळाडू मांडी घालून बसतात आणि तबक हातोहात फिरतं. जो विडा उचलेल, त्यानं मारुतीसमोर शब्द दिला: उद्या मी मैदान सोडणार नाही, आणि गोल माझा. उचलून माघार घेतली तर तो माणूस पुन्हा पेठेत तोंड दाखवत नाही. आत बायकांना जायला बंदी. मी आणि आई बाहेर उंबऱ्याशी, इतर बायकांच्या घोळक्यात.

राइविसला आबांनी "नुसतं दर्शनाला" म्हणून आणलं होतं. त्याला खाली बसता येईना, म्हणून खुर्ची दिली होती. तबक एकाकडून दुसऱ्याकडे गेलं. पोरं हात जोडत होती आणि पुढे सरकवत होती. वरच्या गल्लीचा बचाव सगळ्यांना माहीत होता. तबक राइविसपुढे आलं आणि आबांनी ते स्वतःच्या हातात धरलं. पुढे सरकवलं नाही. धरून ठेवलं.

मी उंबऱ्याबाहेरून ओरडले, "राइविस, नको!"

हलगी वाजत होती. आईनं माझा दंड धरला.

त्यानं विडा उचलला, तोंडात टाकला आणि शांतपणे चावायला लागला.

तालीम फुटायची बाकी राहिली. पोरं नाचायला लागली. "रावसाहेबांनी विडा उचलला!" "आरं, त्याला वाटलं जेवणानंतरचं पान हाय!" "वाटू दे की! खाल्लंय न्हवं? आता पोटात गेलंय!" हसून हसून लोक एकमेकांच्या अंगावर पडत होते. आबा हसत नव्हते. ते मारुतीकडे बघत होते, आणि त्यांचा उजवा हात मारुतीच्या पायावर होता. मला वाटलं, नमस्कार करतायत.

तो लंगडत बाहेर आला तेव्हा त्याचे ओठ लाल झाले होते.

"थुंक ते," मी म्हणाले. "तुला कळतंय का तू काय खाल्लंस? तुला फसवलंय त्यांनी. याचा अर्थ..."

"मला अर्थ माहीत आहे."

"कुणी सांगितला?"

"तुझ्या वडिलांनी. सकाळी."

"त्यांना इंग्रजी येत नाही."

"लागतं तेवढं येतं," तो म्हणाला. मग हसला. लाल दातांचा तो पांढरा माणूस कसातरीच दिसत होता. "उद्या नीट बघ. माझ्याकडे नाही, गोलकीपरकडे."

मला त्याचाही राग आला. वाटलं, शेवटी हाही त्यांच्यातलाच. बाप्यांना एकमेकांसमोर छाती काढायची असते, मग गुडघा जावो, पोरगी कठड्याशी उभी राहो की न राहो. मी त्याच्याशी त्या दिवशी पुन्हा बोलले नाही.

सामन्याआधी कपडे बदलायच्या खोलीमागे कुणीतरी त्याला इंजेक्शन दिलं. पहिला हाफ तो चाललाच फक्त. वरच्या गल्लीचे लोक ओरडत होते, "रावसाहेब, काठी देऊ का?" आमचे लोक गप्प. दुसऱ्या हाफच्या शेवटाकडे आमच्या पोरानं उजवीकडून चेंडू आत टाकला. राइविस एका बचावपटूला पाठीवर घेऊन उभा होता. गोलकीपर त्याच्या डावीकडे निघाला. मी बघत होते. जागा उघडी पडली, आणि ती उघडी पडायच्या आत चेंडू तिथं गेलाही होता. डाव्या पायानं. डाव्यानं मारायचं म्हणजे सगळं अंग उजव्या पायावर तोलून वळायचं. अंग वळलं. गुडघा वळला नाही.

आवाज ऐकू आला नाही. स्टेडियम गरजत होतं. पाय जिकडे वळत नसतो तिकडे वळलेला मात्र मी पाहिला.

शिट्टी झाल्याबरोबर लोक कुंपण ओलांडून आत घुसले. पडलेल्या राइविसला त्यांनी खांद्यावर उचललं. तो किंचाळत होता. लोकांना वाटलं, आनंदानं. त्याचा तो पाय खाली लोंबत होता आणि प्रत्येक उडीला हलत होता, आणि वरून गुलाल पडत होता. मी कठड्यावरून "त्याला खाली ठेवा" म्हणून घसा फोडत होते. शेजारची बाई मला म्हणाली, "आवर गं बाई, जिंकलोय आपण."

त्या क्षणाचा फोटो आबांनी मोठा करून सोप्यात लावला. मधे राइविस, तोंड उघडं, डोळे मिटलेले. बाजूला आबा, गुलालानं माखलेले, हसणारे.

ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की त्याला चालता येईल, हळूहळू. मैदान मात्र विसरायचं. हे इंग्रजीत मीच सांगायचं होतं. मी सांगितलं. त्यानं छताकडे बघत ऐकून घेतलं.

मग म्हणाला, "गोव्याला कधी निघतेस?"

"काय?"

"शिबिर. गोव्याला. बूट नवे घे, तुझे अंगठ्याशी फाटलेत."

"मला कुठं सोडलंय? तुला सांगितलं होतं मी."

आता त्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. गुडघ्याचं ऐकताना जो चेहरा हलला नव्हता, तो आता हलला. "तुला त्यांनी सांगितलं नाही? तुझे वडील त्या सकाळी माडीवर आले होते. आधी तो पानाचा सगळा अर्थ हातवारे करून समजावला. मी नाही म्हटलं. मग ते तुझे बूट घेऊन आले. माझ्यासमोर ठेवले. म्हणाले..." आणि त्यानं आबांच्याच आवाजात, आबांसारखं बोट नाचवत म्हटलं, "यू प्ले, संयू प्ले."

"मी म्हटलं, देवासमोर सांगा. त्यांनी तालमीत त्या देवाच्या पायावर हात ठेवला. तू पाहिलंस ना?"

मी पाहिलं होतं. नमस्कार समजून पाहिलं होतं.

"मादारा?" मी कसंबसं विचारलं.

"तिचा बाप खेळलाय की. भरपूर," तो म्हणाला. "तू अजून सुरूच केलेलं नाहीस."

दवाखान्यातून घरापर्यंत मी रिक्षा केली नाही. चालत गेले, जवळजवळ पळत. मला आबांना एकच विचारायचं होतं. दारात पायताणांचा ढीग होता. अनोळखी पायताणं, नव्या कातडीची. सोप्यात सतरंजी अंथरलेली, तिच्यावर फेटे बांधलेली चार माणसं, आणि मधे आबा, हातात अडकित्ता.

कट्ट.

"झालं बघा," आबा म्हणाले. "सुपारी फुटली. आता पोरगी तुमची."

आईनं मला मागच्या दारानं आत ओढलं. "साडी नेस. चांगलं घर हाय. गडहिंग्लजचं."

"आई, आबांनी त्याला शब्द दिला होता. तुला ठाऊक होतं?"

"हळू बोल. पावणे हायेत."

"ठाऊक होतं का?"

आई निऱ्या करत राहिली. माझ्याच कमरेला माझ्याच निऱ्या.

पाहुणे गेल्यावर मी आबांसमोर उभी राहिले. "मारुतीच्या पायावर हात ठेवून तुम्ही त्याला काय म्हणालात?"

आबांनी चुन्याची डबी उघडली. "गड्याला मैदानात उतरवायचा म्हंजे काहीतरी बोलाय लागतंय."

"त्याचा पाय गेला, आबा."

"ऑपरेशन आपणच केलं न्हवं? वाऱ्यावर सोडलाय का त्याला? मी तालमीसाठी बोललो. स्वतःसाठी न्हवं. मारुतीला कळतंय ते."

"आणि मी?"

"तू खेळ की. नको कोण म्हणतंय? त्यांचं परसू मोठं हाय."

माझ्या हातात त्या वेळी काही असतं तर मी ते त्यांच्या अंगावर फेकलं असतं. काही नव्हतं. हिरव्या काचेच्या नव्या बांगड्या होत्या; त्या मी भिंतीवर आपटल्या. आई काचा वेचायला खाली वाकली आणि आबा म्हणाले, "अपशकून करू नगंस."

पंधरवड्यानं राइविस गेला. कुबड्यांवर. दारात गाडी उभी होती, पेठ जमली होती. हिंदुराव वस्तादांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडेनात. डोळे भरून आले होते त्यांचे. आबांनी हार घातला. त्या हाराआडून राइविस मला म्हणाला, "पहिला गोल झाला की कळव." माझ्या हातातल्या नव्या बांगड्या आणि हळद त्यानं पाहिली असेल, पण त्याचा अर्थ त्याला कुणी हातवारे करून सांगितला नव्हता. त्याला वाटलं असेल, सण आहे.

"काय म्हणालाय गं?" आबांनी विचारलं.

सहा महिन्यांत पहिल्यांदा मी भाषांतर केलं नाही. ना इकडचं तिकडे, ना तिकडचं इकडे. गाडी वळली, आणि खिडकीतून बाहेर निघालेला त्याचा अंगठा वर केलेला हात कोपऱ्यापर्यंत दिसत राहिला.

लग्नानंतर माझा फोन बदलला, नंबर बदलला. तोही त्या घरानं दिला, त्यांच्याच नावावर.

हे सगळं मी माझ्या मुलीला सांगितलं, या मे महिन्यात. सांगायचं ठरवलं नव्हतं. आम्ही माहेरी आलो होतो. जुई सात वर्षांची. अंगणातल्या भिंतीवर चेंडू मारत होती, डाव्या पायानं; कुणी शिकवलेलं नाही. वेशीवर आबांचा फलक लागलाय: मुलींना मैदान द्या. तालमीचा आता मुलींचा संघ आहे आणि आबा त्याचे अध्यक्ष. भाषणं करतात, हार घालून घेतात. बायका मला म्हणतात, नशीबवान हो तुम्ही, असे वडील.

घामेजलेली जुई आत आली आणि आबांनी तिला मांडीवर घेऊन फोटोकडे बोट केलं. "ह्यो आमचा रावसाहेब. लात्वियाचा. काय केलं ठाऊक हाय का यानं? मारुतीचा विडा जेवणाचं पान समजून खाल्ला! आणि मग बसला की अडकून!" आबा खदखदून हसले. जुईही हसली. तिच्या गालाला खळी पडते. त्या खळीवर ते हसू बघून माझ्या अंगाचा भडका उडाला.

"समजून खाल्ला होता," मी म्हणाले.

"आँ?"

"पान समजून नाही. विडा समजूनच खाल्ला होता. जुई, इकडे ये."

तिला मी उंबऱ्यावर बसवलं, तिच्या केसांतली माती झटकत झटकत सगळं सांगितलं. सोप्या शब्दांत, पण काही गाळलं नाही. गुडघा, मादारा, माझे बूट, मारुतीवरचा हात, सुपारी. मी तिच्याशी बोलत होते आणि ऐकवत होते आबांना. मागे अडकित्ता आधी चालत होता, मग हळू झाला, मग थांबला.

जुईनं फोटोकडे पाहिलं. आता ती हसत नव्हती. उठून ती फोटोखाली गेली, टाचा वर करून त्या मिटलेल्या डोळ्यांकडे बराच वेळ बघत राहिली. मग माझ्याकडे वळली.

"आई, त्या काकांना ठाऊक आहे का, तू गोव्याला गेलीच नाहीस?"